ऑर्सेतली चित्रं बघायची तर आधी सावल्या बघा

प्रश्न : जूनमध्ये पॅरिसला चाललोय. सोबत बायको, दहा वर्षांची मुलगी आणि आईबाबा. ऑर्से म्युझियमसाठी एक दुपार ठेवली आहे. चित्रकलेतलं आम्हाला काही कळत नाही. इम्प्रेशनिस्टांची चित्रं पुस्तकात बघितली की अर्धवट सोडल्यासारखी वाटतात. तिथे नेमकं काय बघायचं आणि कसं?

उत्तर :

अर्धवट वाटतात हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंय. तेच मनात ठेवून जा. १८७४ च्या एप्रिलमध्ये मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सिस्ली, सेझान, बर्थ मोरिसो या, पुढे 'इम्प्रेशनिस्ट' म्हटल्या गेलेल्या मंडळींसह तीसेक जणांनी तिथल्या सरकारी प्रदर्शनाला, म्हणजे 'सालों'ला, बगल देऊन स्वतःचं प्रदर्शन भरवलं. जागा बुलव्हार दे कापुसिनवरची, नादार या फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ. तिकीट एक फ्रँक. महिन्याभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं येऊन गेली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार तुमचीच होती : हा तर कच्चा खर्डा झाला, पुरं केलेलं चित्र कुठे आहे? तेव्हा 'आम्हाला कळत नाही' हे आधी डोक्यातून काढून टाका.

मी मुळात स्थलचित्रण करणारा माणूस. वाईच्या, नाशिकच्या घाटांवर पोरांना घेऊन उन्हात बसायचं आणि रंगवायचं, हे माझं काम. त्यामुळे कलेचा इतिहास सांगत बसत नाही. रंगवणारा माणूस दुसऱ्याचं चित्र कसं वाचतो, तेवढं सांगतो. सगळ्याचं सार एवढंच, की चित्रात काय दाखवलंय ते नंतर बघा, आधी सावल्या कुठल्या रंगाच्या आहेत ते बघा.

ऑर्सेत शिरलेली बहुतेक माणसं थेट पाचव्या मजल्यावर पळतात, कारण मोने-रेन्वार तिथे आहेत. तुम्ही पळू नका. पहिली वीस मिनिटं तळमजल्यावर काढा. ज्यांच्याशी या मंडळींचं भांडण होतं त्यांची चित्रं तिथे आहेत. तोमा कुत्यूरचं रोमन लोकांच्या मेजवानीचं चित्र आहे, जवळपास पावणेआठ मीटर रुंद. अलेक्सांद्र काबानेलची 'व्हीनसचा जन्म' आहे, १८६३ ची. ती तिसऱ्या नेपोलियन बादशहाने स्वतः विकत घेतली. तिच्यापाशी जा आणि कुंचल्याचा एक तरी फटकारा दिसतोय का ते शोधा. दिसणार नाही. कातडी हस्तिदंतासारखी घोटलेली आहे. आता कुत्यूरच्या रोमनांकडे वळा. सावलीत गेलेला भाग तपकिरी, त्याच्या मागचा आणखी तपकिरी. स्टुडिओत एका बाजूने येणारा उजेड, आधी तपकिरी रंगात अख्खं चित्र बसवायचं, मग प्रकाशाच्या जागी जाड रंग चढवायचा, घोटायचं आणि वरून व्हार्निश : अकादमीत शिकवायचे ती रीत अशी होती. 'पुरं चित्र' म्हणजे हे. तुमचा-माझा डोळाही कॅलेंडरांवर आणि देवादिकांच्या तसबिरींवर असल्याच घोटीव कामाला सरावलेला आहे, म्हणून पुढची चित्रं अर्धवट वाटतात.

त्याच साली रंगवलेली मानेची 'ऑलिंपिया' शोधा. (माने वेगळा, मोने वेगळा. दोघांच्या नावांचा घोळ तेव्हाही होत होता.) इथे उजेड समोरून पडतो आणि अंगावरच्या मधल्या छटा जवळजवळ गायब आहेत. एकदम फिकं, आणि कडेला एकदम गडद. १८६५ च्या सालोंमध्ये यावर एवढा गोंधळ झाला की चित्र उचलून वर, लोकांचा हात पोचणार नाही असं टांगावं लागलं. गंमत म्हणजे माने या मंडळींचा मित्र आणि आदर्श, पण त्यांच्या एकाही प्रदर्शनात त्याने भाग घेतला नाही.

आईबाबा आणि मुलगी सोबत आहेत म्हणून एक सांगून ठेवतो. तळमजल्यावर नग्न चित्रं-शिल्पं भरपूर आहेत. मुलं दोन मिनिटं खिदळतात आणि विसरतात, अवघडतो आपणच. तुम्ही न कुजबुजता सरळ रंगाबद्दल बोलायला लागलात की विषय संपतो.

आता मोनेचं 'ला पी' म्हणजे मॅगपाय पक्ष्याचं चित्र. मांडणीप्रमाणे खोल्या बदलतात, म्हणून कुठे आहे ते विचारून घ्या. अख्ख्या दुपारीत एकच चित्र बघायची परवानगी मिळाली तर मी हे निवडेन. १८६८-६९ चा हिवाळा, नॉर्मंडीत एत्रता गावाजवळ. सव्वा मीटरपेक्षा थोडं रुंद कॅनव्हास. बर्फाने झाकलेलं शेत, आडवं गेलेलं काटक्यांचं कुंपण, डावीकडे फाटक आणि त्याच्या आडव्या दांडीवर बसलेला तो काळा-पांढरा पक्षी. ऊन कुंपणाच्या पलीकडून येतंय, म्हणून सावल्या आपल्या दिशेने पडल्यात. आता मूठ अर्धवट मिटून नळी करा, एक डोळा बंद करा आणि त्या नळीतून फक्त सावलीचा तुकडा बघा. निळा-जांभळा! मग नळी सरकवून उन्हातल्या बर्फावर आणा. पांढरा असेल असं वाटतं, पण तिथे पिवळट आहे, किंचित गुलाबी आहे, मलईसारखा आहे. ट्यूबमधला कोरा पांढरा फार थोड्या जागी निघतो. १८६९ च्या सालोंच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारलं होतं.

हा मुठीचा प्रयोग मी पोरांना घाटावर करायला लावतो. कृष्णेच्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, त्यामुळे सावली रंगवायची वेळ आली की हात काळ्या ट्यूबकडे जातोच. मुठीतून बघितलं की कळतं, सकाळी नऊच्या उन्हात त्या काळ्या दगडावरची सावली निळसर असते, आणि पाण्याच्या जवळ आली की हिरवट. डोळ्याला 'हा दगड काळा' हे आधीच ठाऊक असतं, म्हणून तो नीट बघतच नाही. मोने वगैरे लोकांनी हे ठाऊक असणं बाजूला ठेवायची सवय लावून घेतली. 'इम्प्रेशनिस्ट काळा रंग वापरतच नसत' असं मात्र कुणी सांगितलं तर सोडून द्या. माने आणि रेन्वार यांनी काळा आवडीने वापरलाय. मोनेने तो हळूहळू कमी केला. सँ-लाझार स्टेशनची त्याची चित्रं १८७७ ची. त्यातलं लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेलं तपासलं तेव्हा दिसलं, की त्यातले गडद भाग जवळजवळ पूर्णपणे निळे, हिरवे, लाल असे झळझळीत रंग एकमेकांत मिसळून केलेत.

त्याच मालिकेतलं एक चित्र तुमच्या ऑर्सेत आहे. काचेचं छप्पर, खाली धूर सोडणारी इंजिनं, आणि छपराखालचा धूर निळा, बाहेरचा पांढरा. हे चित्र बघताना मान वर करून म्युझियमचं छप्परही बघा, कारण ऑर्से हे मुळात रेल्वे स्टेशनच. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं, १९८६ पासून म्युझियम झालेलं.

अंतराचं म्हणाल तर 'लांबून बघा' हा सल्ला अर्धाच आहे. लांबून बघा, मग जवळ जा, मग परत मागे या. मोनेचं 'कोकलिको', म्हणजे पॉपीच्या लाल फुलांचं शेत, या कामाला उत्तम. १८७३ चं, जेमतेम ५० बाय ६५ सेंटिमीटर, आणि १८७४ च्या त्या पहिल्या प्रदर्शनात होतं. मागून बघाल तर उतारावर फुलं पसरलेली आणि त्यातून दोन बायका मुलांना घेऊन खाली येतायत. जवळ जाल तर पुढची फुलं फुलं नाहीतच. लाल रंगाचे ठिपके आहेत, मापाबाहेर मोठे, त्यांना ना पाकळी ना देठ. बाईचा चेहरा म्हणजे एक फटकारा. अर्धवटपणाची तुमची तक्रार इथे हातात धरून बघता येते. त्याने पाकळ्या काढल्या असत्या तर आपण पाकळ्या मोजत बसलो असतो, आणि शेतातून जाताना कडेने लाल काहीतरी सरकत जातं ते गेलं असतं.

इथे एक समज दुरुस्त करतो. गाइड हमखास सांगतात, की हे लोक शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते आपल्या डोळ्यात मिसळतात. हे जॉर्ज सरा या नंतरच्या चित्रकारासाठी बऱ्यापैकी खरं, त्याने ते शास्त्र म्हणूनच केलं. मोने-पिसारो मात्र पॅलेटवर भरपूर मिसळत, ओल्या रंगावर ओला रंग ओढत. आणि सगळं एका बैठकीत, जागेवरच पुरं होई, हीही दंतकथाच. रुऑंच्या चर्चची मोनेची मालिका बघा, ऑर्सेत त्यातली पाच आहेत. १८९२ आणि ९३ मध्ये त्याने चर्चसमोर मुक्काम ठोकला, उजेड सरकला की कॅनव्हास बदलला, आणि शेवटी घरी गिव्हर्नीला बसून महिनोन्‌महिने त्यांवर रंग चढवला. जवळून बाजूला उभं राहून तिरकं बघा, रंग भिंतीच्या गिलाव्याइतका खरबरीत झालाय. झटपट दिसतं ते झटपट केलेलं असतंच असं नाही.

मोरिसोचं 'पाळणा' चुकवू नका. लहान आहे, गर्दी पुढून निघून जाते. १८७२ चं. तिची बहीण एदमा पाळण्यातल्या लेकीकडे बघतेय, मध्ये मच्छरदाणीसारखा झिरझिरीत पडदा. आपल्या ओळखीचा विषय, म्हणून आईंना हे पहिल्यांदा दाखवा. त्या पडद्यात किती रंग आहेत ते शोधायला सांगा. करडा, निळसर, कडेला गुलाबी. पडद्यातून बाळ दिसतं आणि पडदाही दिसतो. जलरंगात काम करणाऱ्याला ठाऊक आहे की हे किती कठीण असतं, आणि इथे ते तैलरंगात, पातळ हाताने केलंय. आईचा दुमडलेला हात आणि बाळाचा दुमडलेला हात, दोन्ही बघा.

रेन्वारच्या 'मुलँ द ला गालेत'मधल्या नाचासमोर गर्दी असणारच. झाडातून झिरपलेल्या उन्हाचे कवडसे लोकांच्या कोटांवर, टोपीवर पडलेत, ते मन लावून बघा. पाठमोऱ्या माणसाच्या गडद कोटावर गुलाबी-जांभळे डाग आहेत. टीकाकारांना ते डाग म्हणजे डागच वाटले होते. रेन्वारच्या नंतरच्या गुबगुबीत बायकांपाशी मी स्वतः थांबत नाही, आवडनिवड आहे. तो वेळ मी सिस्लीला देतो. 'पोर-मार्लीचा पूर', १८७६. कृष्णाकाठच्या माणसाला पूर काय असतो ते सांगायला नको, पण इथे आकांत नाही. दारूच्या दुकानाची इमारत पाण्यात उभी, बाजूला होडी, वर पांगलेले ढग, आणि सगळ्याचं प्रतिबिंब त्याच मातकट पाण्यात. वडिलांचा धंदा बुडाल्यावर सिस्ली शेवटपर्यंत ओढगस्तीत राहिला, १८९९ मध्ये गेला. नाव व्हायला लागलं ते त्यानंतर. आकाश रंगवण्यात त्याच्या तोडीचा त्या गटात कुणी नाही, असं माझं मत.

कायबोत या चित्रकाराचे लाकडी जमीन तासणारे कामगारही बघा. उघड्या पाठी, खिडकीतून येणारा उजेड फरशीच्या ओल्या-कोरड्या लाकडावर. हा गृहस्थ पैसेवाला होता, मित्रांची चित्रं विकत घ्यायचा. रेन्वारचा तो नाच आणि मोनेचं ते स्टेशनही त्याच्याकडेच होतं. १८९४ मध्ये वारला तेव्हा त्याने सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, आणि सरकारने घासाघीस करून त्यातली चाळीसेकच चित्रं घेतली. आज ज्या भिंतींसमोर रांगा लागतात, त्यांचा पाया हा.

या लोकांना बाहेर बसून रंगवणं जमलं त्यामागे साधी कारणं होती. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने पिळून काढायची टिनची ट्यूब आणली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांतून न्यावा लागे, तो फुटायचा, वाळायचा. पत्र्याच्या पट्टीने बांधलेले चपटे ब्रश आले, म्हणून ते चौकोनी फटकारे. रेल्वे आली, म्हणून सकाळी पॅरिसहून निघून संध्याकाळी परत.

चकाकणाऱ्या सोनेरी फ्रेमकडे आणि काचेकडे दुर्लक्ष करायला शिका. पिसारो, देगा यांनी पांढऱ्या आणि रंगीत साध्या फ्रेमा वापरून बघितल्या होत्या. सोनेरी नक्षी बहुतेक नंतरच्या दलालांची आणि मालकांची. व्हार्निशही त्यांना नको असे. पिसारोने एका चित्राच्या पाठीमागे 'याला व्हार्निश लावू नये' असं लिहून ठेवलंय. काच मात्र आता वाढतच जाणार. २०२४ च्या जूनमध्ये याच पॉपींच्या चित्रावर एका आंदोलकाने स्टिकर चिकटवला, चित्र सुदैवाने वाचलं. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर एक पाऊल बाजूला सरका, आणि शक्य तर गडद कपडे घालून जा. पांढरा शर्ट काचेत सगळ्यात जास्त दिसतो.

देगाची पेस्टल्स, म्हणजे रंगखडूंची चित्रं, अंधाऱ्या खोलीत असतात. बल्ब गेलेला नसतो, पेस्टल उजेडाने खराब होतं. आत गेल्यावर एक-दोन मिनिटं नुसतं थांबा, डोळा सरावतो. देगाला बाहेर बसून रंगवणं मुळीच आवडत नसे आणि 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलेलंही खपत नसे, हे जाता जाता.

आता जाण्यायेण्याचं. ऑर्से सोमवारी बंद असतं, लूव्र आणि ओरांजेरी ही म्युझियमं मंगळवारी. हा घोळ बहुतेकांचा होतो. ऑर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. तुमची 'एक दुपार' गुरुवारची संध्याकाळ करता आली तर करा, सहानंतर गर्दी ओसरते. वेळ ठरवलेलं तिकीट ऑनलाइन काढा, मुलीला १८ वर्षांखाली म्हणून तिकीट नाही. निघायच्या आधी म्युझियमच्या साइटवर हवी ती चित्रं जागेवर आहेत ना ते बघून घ्या, कारण चित्रं सतत फिरतीवर असतात. २०२४ मध्ये पहिल्या प्रदर्शनाला दीडशे वर्षं झाली म्हणून ऑर्सेत मोठं प्रदर्शन झालं आणि तेच पुढे वॉशिंग्टनला गेलं. तुम्ही असाल तेव्हा एखादं खास प्रदर्शन चालू असेल आणि आत झुंबड असेल, तर सरळ शेवटच्या दालनात जा आणि उलटे या. पहिल्या दालनात सगळे पाटी वाचत खोळंबलेले असतात.

पाटी आधी वाचू नका. ऑडिओ गाइडही पहिल्या फेरीत नको, कानात कुणी बोलायला लागलं की डोळा आळशी होतो. सहा-सात चित्रं ठरवा आणि प्रत्येकासमोर पाच मिनिटं काढा. बाबांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर मिळते, लिफ्ट आहेत, बाकंही आहेत. मुलीला एक छोटी वही आणि पेन्सिल द्या, रंग नको. चित्र उतरवून काढायला सांगू नका, चित्रातल्या फक्त सावल्यांचे आकार काढायला सांगा. स्टेशनच्या काळातलं मोठं घड्याळ पाचव्या मजल्यावरच आहे, फोटो शेवटी काढा, रांग असते.

फोनचा एक उपयोग मात्र सुचवतो. जिच्यावरून एका विनोदी पत्राच्या टीकाकाराने सगळ्यांनाच 'इम्प्रेशनिस्ट' ठरवलं ती मोनेची 'इम्प्रेशन, सूर्योदय' ऑर्सेत नाही, पॅरिसच्या पश्चिमेला मार्मोतां म्युझियममध्ये आहे. तिथे गेलात तर तिचा फोटो काढून फोनवर काळा-पांढरा करा. नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! तो आजूबाजूच्या आकाशापेक्षा उजळ नाहीच, वेगळा आहे तो फक्त रंगाने, आणि म्हणूनच कॅनव्हासवर तो थरथरल्यासारखा वाटतो.

एक दिवस हाताशी असेल तर सेन ओलांडून दहा मिनिटं चालत ओरांजेरीला जा. दोन लंबगोल दालनांत मोनेची कमळं आहेत, आठ पट्टे, प्रत्येक जवळपास दोन मीटर उंच. मोतीबिंदूने डोळे गेलेले असताना, १९२३ मध्ये ऑपरेशन करून घेऊन, त्याने मरेपर्यंत यावर काम केलं. दालनं १९२७ मध्ये उघडली, तो आदल्या वर्षाच्या डिसेंबरात गेला होता. वरून खरा दिवसाचा उजेड येतो, म्हणून ढग आला की चित्र बदलतं. इथे ऊन असताना, सकाळी लवकर जा.

गिव्हर्नीची, मोनेच्या घरची बागही जूनमध्ये फुललेली असते. गाडी सँ-लाझार स्टेशनवरूनच सुटते, व्हर्नॉनला उतरायचं आणि तिथून बस. आईबाबा सोबत असताना गिव्हर्नी आणि ऑर्से एकाच दिवशी ठेवू नका.